डिरेलरवरचं नाव वाचून रोड बाइक घेऊ नका

माझी पहिली रोड बाइक मी मागच्या डिरेलरवरचं नाव वाचून घेतली. डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी खाली लोंबणारा तो हात, जो चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. त्यावर ‘टियाग्रा’ लिहिलं होतं, हे शिमानो कंपनीच्या पार्टांच्या एका मालिकेचं नाव. दुकानदारानं तेवढ्यावरच बोट ठेवलं आणि मी पैसे मोजले. दुसऱ्या महिन्यात बेळगावजवळ येळ्ळूरकडून राजहंसगड चढताना पायाच्या प्रत्येक दाबाला खालून ‘कट’ आवाज यायला लागला. उद्यमबागेत माझी बरीच वर्षं लेथवर गेली आहेत, त्यामुळे आवाजावरून कुठलं बेअरिंग रडतंय ते कळतं. पण नव्या सायकलीत ते का रडावं, हे कळेना. रविवारी सायकल उलटी केली आणि खोलली. डिरेलर खरंच टियाग्राचा होता. क्रँक (ज्याला पॅडल लागतात ते हात) मात्र बिननावाचा, चेन बिननावाची, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) दोन पायऱ्या खालची आणि बीबी, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ते बेअरिंग, असेल-नसेल ती. नवरदेवाच्या डोक्याला जरीचा फेटा आणि पायात रबरी स्लिपर, असा सगळा थाट.

पन्नास हजार ते सव्वा लाखाच्या मधे सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. याच्या खाली सगळंच साधं असतं, याच्या वर बहुतेक सगळं एका घरचं असतं. मधल्या किमतीत कंपनी दिसणारा भाग चांगला लावते आणि न दिसणाऱ्यात पैसे वाचवते. त्यामुळे सायकल कशी बघायची, ते मी आता ज्या क्रमानं बघतो त्याच क्रमानं सांगतो.

आधी तुमचा रस्ता

दुकानात जायच्या आधी घरी बसून ठरवा, ही सायकल कुठे फिरणार. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथून कोकणात किंवा गोव्याकडे उतरायला मजा येते, पण जेवढं उतरलो तेवढं संध्याकाळी चढावं लागतं. जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाट असो नाहीतर आंबोली, हिशोब तोच. उत्तरेला निपाणीच्या वाटेवर हायवेचा चढ वंटमुरी आणि तवंदीला लागतो. अथणी, बैलहोंगलकडे काळ्या रानातून जायचं असेल तर रस्ता बराच सपाट.

हे आधी सांगायचं कारण, डिरेलर कितीही भारी असला तरी गिअरचे दाते तुमच्या पायांना झेपणारे नसतील तर तो बिनकामाचा. चढासाठी दोनच आकडे विचारा. पुढच्या दोन चेनव्हीलपैकी (पॅडलपाशी असलेल्या दातेरी चकत्या) लहानाला दाते किती, आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला किती? पहिल्याला दुसऱ्यानं भागा. उत्तर जेवढं लहान, तेवढा चढ हलका.

मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवलं, तर ३६ आणि २८ च्या जोडीवर सायकल ताशी जवळपास १० किलोमीटरनं जाते. ३४ आणि २८ वर सव्वानऊ, ३४ आणि ३२ वर आठच्या थोडी वर, आणि ३४ ला ३४ असेल तर पावणेआठच्या आसपास. आता नवशिक्या माणसाची खड्या चढावर ताशी ८ पेक्षा जास्त ताकद नसते, माझी तरी नव्हती. मग ३६-२८ वर पाय मिनिटाला पन्नासही फिरत नाहीत. तो सायकल चालवत नाही, जिममध्ये वजन उचलतो. गुडघे तिथेच जातात.

म्हणून आपल्या भागासाठी माझं मत साफ आहे. पुढे ५०-३४ आणि मागे निदान ३२, चोर्ला रोजचा असेल तर ३४. दुकानात ११-२८ कॅसेट (लहान चकतीला ११ दाते, मोठीला २८) लावलेली सायकल असेल तर ‘नंतर मोठी कॅसेट टाकू’ असं म्हणून घेऊ नका. डिरेलरचा खालचा पिंजरा आखूड आणि लांब असा दोन मापांत येतो, आणि आखूड पिंजऱ्याला मोठी चकती झेपत नाही. उदाहरणार्थ, मागे ११ चकत्या असलेल्या शिमानोच्या ‘१०५’ मालिकेतला आखूड पिंजरा ३० दात्यांपर्यंत चालतो, लांब ३४ पर्यंत. म्हणजे कॅसेट बदलायची तर डिरेलरही बदला, चेनही बदला. खर्चाला तोंड फुटतं.

नावांची उतरंड

इकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक रोड बाइकांवर शिमानोचे पार्ट असतात. ही कंपनी १९२१ मध्ये जपानच्या साकाई गावात सुरू झाली आणि तिनं पहिल्यांदा बनवलं ते फ्रीव्हील. साकाई हे चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिरांचं जुनं गाव. आपल्या बेळगावात फौंड्र्या आहेत म्हणून मला या गोष्टीचं जरा जास्तच कौतुक वाटतं.

उतरंड खालून वर अशी: टूर्नी ७ स्पीड, क्लॅरिस ८, सोरा ९, टियाग्रा १०, आणि १०५ आधी ११, आता १२. स्पीड म्हणजे मागच्या चकत्यांची संख्या, एवढाच अर्थ. २०२३ पासून शिमानोनं ‘क्यूज’ नावाची नवी मालिका आणली आहे आणि ती हळूहळू क्लॅरिस, सोरा, टियाग्राची जागा घेते आहे. तिच्यात चकत्यांचे दाते मुद्दाम जाड ठेवलेत, म्हणजे झीज कमी. पण क्यूजचे पार्ट जुन्या मालिकांबरोबर जुळत नाहीत, हे लक्षात ठेवा. श्राम या दुसऱ्या कंपनीची एपेक्स आणि रायव्हल ही नावंही दिसतील. तैवानची मायक्रोशिफ्ट स्वस्तात बरं काम देते, तिला नाक मुरडायचं कारण नाही.

आता खरी गोष्ट. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. क्लॅरिस ते सोरा, सोरा ते टियाग्रा हा फरक मागची एक चकती वाढली, हाताला थोडं मऊ लागलं, एवढाच. पण टूर्नी आणि क्लॅरिसमध्ये खंदक आहे. टूर्नीच्या रोड शिफ्टरवर (गिअर बदलायच्या लिव्हरवर) एका बाजूचा गिअर आतल्या बाजूच्या छोट्या बटणानं, अंगठ्यानं बदलतो. हात वर ठेवलेले असतात तेव्हा ठीक. पण घाट उतरताना हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात हात गेले की अंगठा त्या बटणापर्यंत पोचत नाही. क्लॅरिसपासून वर दोन्ही काम ब्रेक लिव्हरपाशीच होतात, हात कुठेही असोत. माझ्या मते मधल्या किमतीच्या सायकलीवर टूर्नी असेल तर तिथूनच निघावं, दुसऱ्या दुकानात चहा प्यावा.

दुकानात: खिशात लोहचुंबक, हातात वेळ

तिलकवाडीतल्या एका मित्राबरोबर त्याच्या मुलासाठी सायकल बघायला गेलो होतो. मी गुडघ्यावर बसून मागचं चाक उलटं फिरवत होतो, तर तिथला मेकॅनिक म्हणाला, “काय बघूलालाय ओ एवढं? सायकल हाय, घोडा न्हवं.” खरं सांगायचं तर घोडाच बघावा तसं बघायचं. दात बघायचे.

पहिल्यांदा मागचं चाक. सायकल उचलून धरा, पॅडल उलटं फिरवा आणि चकत्यांच्या मधोमध, एक्सलच्या भोवती बघा. तिथे पान्हा बसायला खाचा असलेलं एक कडं दिसेल. चकत्यांबरोबर ते कडंही उलटं फिरलं तर ती कॅसेट. चकत्या फिरल्या आणि आतलं कडं जागच्या जागी राहिलं तर ते फ्रीव्हील, म्हणजे साध्या सायकलीसारखं हबवर आट्यांनी बसवलेलं. फरक एवढा मोठा का? फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, मधल्या बाजूला राहतं. एक्सलचा उजवा तुकडा आधाराशिवाय बाहेर येतो. रस्त्यावर खड्डे, अंगावर ऐंशी किलो, मग एक्सल वाकतो आणि पुढे मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकापाशी असतं. आमच्या लेथच्या भाषेत सांगायचं, तर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या पकडीतून फार बाहेर काढून कटिंग केलं की तो थरथरतो, तसंच हे. मधल्या किमतीत फ्रीव्हील असेल तर घेऊ नका.

मग क्रँक. इथे लोहचुंबक काढा आणि पुढच्या चेनव्हीलला लावा. चिकटला तर स्टील, नाही तर अॅल्युमिनियम. यावरून लगेच नाक मुरडू नका. स्टीलचं चेनव्हील जड असतं, पण अॅल्युमिनियमपेक्षा जास्त टिकतं. बघायचं ते हे, की दोन्ही चेनव्हील बोल्टनं बसवलीत की रिवेट मारलीत. रिवेट असेल तर दाते झिजले की अख्खा क्रँक फेकायचा. आणि मोठ्या चेनव्हीलच्या आतल्या तोंडाला बोट फिरवा. तिथे उतरत्या खाचा आणि छोट्या पिना लागल्या पाहिजेत, चेन वर चढते ती त्यांच्या आधारानं. सपाट पत्रा लागला तर पुढचा गिअर दर वेळी खडखडत, नाखुशीनं पडणार.

क्रँक बसवलाय कसा, हे त्याच्या डाव्या हातावर, म्हणजे पॅडलच्या दांड्यावर बघा. मधे एकच मोठा बोल्ट किंवा त्याच्यावर झाकण असेल तर आत बहुतेक चौकोनी टोकाचा एक्सल आहे. हाताला चिमटा घेतल्यासारखे दोन बोल्ट आडवे असतील आणि फ्रेमच्या बाहेर बेअरिंगच्या वाट्या दिसत असतील, तर तो पोकळ, जाड एक्सलवाला दोन तुकड्यांचा क्रँक. दुसरा जास्त ताठ असतो आणि काढायलाही सोपा. पण चौकोनीवाला वाईट नव्हे. आजोबांच्या काळ्या सायकलीच्या कॉटरपेक्षा तो कितीतरी बरा, आणि चांगली सीलबंद बीबी असेल तर कणकुंबीचा पाऊसही सोसते. त्याचा एकच शाप आहे. अॅल्युमिनियमचा मऊ हात कडक पोलादी चौकोनावर दाबून बसवलेला असतो. बोल्ट जरासा ढिला झाला आणि तसंच चालवत राहिलो, की हाताचं भोक आतून गोल होतं. मग कितीही आवळा, तो परत घट्ट बसत नाही. राजहंसगडावरचा माझा ‘कट’ हाच होता. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट आवळायला हवा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. क्रँकचा हात गेला. तेव्हा तुम्ही विचारा, नाहीतर स्वतः आवळा.

चेनवर नाव शोधा, ते पात्यांवर कोरलेलं असतं. शिमानो किंवा केएमसी असेल तर पुढे चला. गाडी शिमानोची आणि चेन केएमसीची, यात कुणी फसवलं असं नाही, केएमसी उत्तम चेन करते. काहीच कोरलेलं नसेल तर तेवढे पैसे कमी करायला सांगा. कॅसेटवर आणि पुढच्या डिरेलरवरही (चेनव्हीलवर चेन सरकवणारा) नाव वाचून घ्या आणि घरून आणलेल्या कागदावर लिहा: शिफ्टर, पुढचा डिरेलर, मागचा डिरेलर, क्रँक, बीबी, कॅसेट, चेन. सात ओळी. सातपैकी पाच एकाच मालिकेतले असतील तर सौदा प्रामाणिक. फक्त मागचा डिरेलर वरच्या घरचा असेल तर सायकलीची किंमत बाकी सहा ओळींवरून ठरवा. पूर्ण सोरा आणि अर्धीमुर्धी १०५ यांत मी डोळे मिटून पूर्ण सोरा घेईन. आता घेतली आहेच.

चालवून बघताना

दुकानासमोर गोल फेरी मारून काही कळत नाही. कॅम्पात सकाळी रस्ते मोकळे असतात, तिकडे न्या, आणि थोडा तरी चढ शोधा. चेनवर ताण असतानाच गिअर खरा बोलतो. चढावर पाय न थांबवता, दाब जरासा सैल करून मागे एक-एक चकती वर चढवा. प्रत्येक क्लिकला चेननं एकदाच उडी मारली पाहिजे. दोन क्लिकनंतर एकदम दोन चकत्या सरकली, किंवा चढली आणि कुरकुरत राहिली, तर बहुतेक केबलचं ॲडजस्टमेंट आहे, पार्टचा दोष नव्हे. दुकानात पाच मिनिटांत निघतं. निघत नसेल तर मात्र हँगर वाकला असेल, त्याचं पुढे सांगतो.

एकदा पुढे मोठं आणि मागेही मोठं असं लावून बघा. या जोडीवर चालवायचं नसतं, चेन तिरकी पडून झिजते, पण चुकून पडली तर डिरेलर ताणून तुटता कामा नये. मग पुढे लहान, मागेही लहान. चेन लोंबकळून स्वतःलाच घासत असेल तर ती लांब कापली आहे. आधीच्या मोठ्या-मोठ्या जोडीवर फार ताणून बसत असेल तर आखूड.

जुनी घेणार असाल तर स्टीलची पट्टी

वापरलेली सायकल घेणं मुळीच कमीपणाचं नाही, त्याच पैशात एक पायरी वरचं घर मिळतं. फक्त बारा इंचाची स्टीलची पट्टी घेऊन जा, प्लास्टिकची नको. चेनची एक कडी, पिनपासून पिनपर्यंत, बरोबर अर्धा इंच असते, सगळ्या स्पीडच्या चेनना हे माप एकच. पॅडलवर हलका दाब ठेवून चेनचा वरचा पदर ताणा. पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर धरा आणि २४ कड्या मोजा. चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर आली तर चेन नवी. अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच, पुढे गेली असेल तर ८, ९ स्पीडची थोडी चालेल पण मनानं तिचा निरोप घ्या, ११ स्पीडची लगेच बदला. अख्खं सूत पुढे गेली असेल, तर चेनबरोबर कॅसेटही गेलेली आहे. नवी चेन टाकली की ती झिजलेल्या दात्यांवरून चढावर उड्या मारेल. एवढी रक्कम किमतीतून वळती करा. ‘साहेब, फक्त पाचशे किलोमीटर चाललीय’ असं सांगणाऱ्या एका माणसासमोर मी शांतपणे पट्टी धरली होती. त्यानं नंतर किलोमीटर सांगितले नाहीत.

चेन बाजूला काढून डावा क्रँक धरा आणि फ्रेमच्या दिशेनं आत-बाहेर हलवा. जरा जरी ‘टक’ लागलं तर एकतर बोल्ट ढिला, नाहीतर बीबी संपली. दोन्ही वेळा भाव उतरतो.

इथे काय मिळतं, काय टिकतं

खानापूर-जांबोटीकडची जांभ्याची तांबडी धूळ आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेला काळा चिखल, दोन्ही चेनसाठी एमरी पेस्टच, म्हणजे धातू घासायचा मलम. त्यात कुणी इंजिन ऑइल ओततं, वर ग्रीस फासतं, आणि मग त्यावर धूळ चिकटून एक काळी खीर तयार होते. तीच दात्यांना घासून झिजवते. चेन डिझेलमध्ये ब्रशनं धुवा, पूर्ण वाळवा, प्रत्येक रोलरवर चेन ल्यूबचा एकच थेंब सोडा, दहा मिनिटांनी बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर नको. पावसातून आल्यावर त्याच संध्याकाळी हे करा, सकाळपर्यंत गंज चढतो.

आणि पार्टांचा विचार करा. ८ आणि ९ स्पीडची चेन, कॅसेट तुलनेनं स्वस्त, आणि साध्या सायकल मेकॅनिकच्याही हातात बसते. ११, १२ स्पीडची चेन अरुंद, महाग, ॲडजस्टमेंटला नखरेल, आणि अडलं तर पुण्याहून किंवा बेंगळुरूहून पार्सल येईपर्यंत वाट बघा. कोल्हापूर आणि हुबळी दोन्हीकडे शंभरेक किलोमीटर. शर्यत खेळायची नसेल तर ९ स्पीडवर कुणाचंही काही अडत नाही. टियाग्राच्या ४७०० मालिकेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा शिफ्टर केबल ओढतो ते माप जुन्या १० स्पीडपेक्षा वेगळं आहे, त्यामुळे कुणाच्या कपाटातला जुना १० स्पीडचा डिरेलर आणून लावला तर गिअर कधीच नीट बसणार नाहीत.

घरी आणल्यावर

पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये नव्या केबल आणि त्यांचं आवरण दबून बसतं आणि गिअर कुरकुरायला लागतात. घाबरून दुकानात धावू नका. मागच्या डिरेलरला जिथे केबल शिरते तिथे हातानं फिरणारं एक बोंडूक असतं. चेन मोठ्या चकतीकडे चढायला आळस करत असेल तर ते घड्याळाच्या उलट दिशेनं, मागून बघून, अर्धा फेरा फिरवा, पॅडल मारून बघा, लागलं तर अजून अर्धा. ‘एच’ आणि ‘एल’ लिहिलेल्या दोन स्क्रूंना मात्र हात लावू नका. ते चेनला दोन्ही टोकांना किती जाऊ द्यायचं ते ठरवतात, केबलशी त्यांचा संबंध नाही.

शेवटी हँगर. डिरेलर फ्रेमला सरळ बसत नाही, मधे अॅल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो. तो मुद्दाम मऊ ठेवलेला, सायकल उजवीकडे पडली तर आधी तो वाकावा, फ्रेम वाचावी. माझ्या एका मित्रानं बसच्या टपावरून सायकल आणली, निपाणीत उतरवताना सगळं ठीक दिसत होतं. तवंदीच्या चढावर त्यानं सगळ्यात हलका गिअर टाकला आणि वाकलेल्या हँगरवरचा डिरेलर सरळ स्पोकांत गेला. चाक जाम, चार स्पोक तुटले, डिरेलरचे दोन तुकडे, आणि उरलेला रस्ता टेम्पोतून. टपावर, डिकीत, ट्रेनमध्ये सायकल नेहमी डाव्या अंगावर झोपवा. आणि सायकल घेतानाच त्याच मॉडेलचा एक जादा हँगर मागून घ्या, कारण शेकडो आकारांचे येतात आणि वर्षभरानं तुमचा आकार कुठल्याच दुकानात मिळत नाही. माझा मी सीटखालच्या पिशवीत ठेवलाय, आणि स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून त्याचा एक फोटोही काढून ठेवलाय.